ढगांची खूण आणि धोक्याचा बावटा



येत्या १ ऑगस्टला मासेमारीची बंदी उठेल. दोन महिने किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या बोटींना रंग लागला आहे, जाळी शिवून होत आली आहेत. गेल्या रविवारी सकाळच्या मिस्सानंतर आपल्या धर्मग्रामातील एक जुने तांडेल चर्चच्या पायरीवर भेटले. मी सहज म्हणालो, "बाबा, ऑगस्टात सांभाळून. अलर्ट पाहूनच बोट काढा."

ते हसले. म्हणाले, "फादर, तुमचा तो मोबाईल रोज पिवळा होतो, नारिंगी होतो. मागे एकदा लाल झाला म्हणून आम्ही घरी बसलो, तर दिवसभर ऊन पडलं. डिझेल, बर्फ, खलाशांचा पगार, हे कोण भरून देणार? आमच्या बापाने अलर्ट पाहिला नाही. त्याने आभाळ पाहिलं."

पायरीवर मला उत्तर सुचले नाही. घरी येऊन विचार केला, थोडे वाचन केले आणि हा लेख लिहायला बसलो. बाबांचे म्हणणे चूक नाही, पण पुरेही नाही असे मला वाटते. का, ते पाहू या.

सेमिनरीत आम्हांला तत्त्वज्ञानाच्या वर्गात भारतीय न्यायदर्शन शिकवले गेले. न्यायसूत्रांवर वात्स्यायनाचे भाष्य आहे. त्यात अनुमानाचे प्रकार सांगताना त्याने उदाहरणे घेतली आहेत ती पावसाचीच. दाटलेले ढग पाहून पाऊस येणार असे म्हणणे हे एक अनुमान. नदीचे पाणी गढूळ होऊन वाढलेले पाहून वरच्या अंगाला पाऊस पडून गेला असे म्हणणे हे दुसरे. दोन्ही खुणा खऱ्या, पण एक पुढचे सांगते, दुसरी मागचे. त्या वेळी परीक्षेपुरते पाठ केले होते. आज वाटते की हवामानाबाबत आपली निम्मी फसगत इथेच होते. कोणती खूण कशाविषयी बोलते हे आपण विचारत नाही. पावसाचा अलर्ट आपण समुद्रासाठी वाचतो आणि ढग पाहून उद्याची ग्वाही देतो.

आधी ढगांकडे येऊ. समुद्रावरची दमट हवा वर चढते तशी थंड होते आणि तिच्यातील बाष्प धुळीच्या, मिठाच्या सूक्ष्म कणांवर थेंब होऊन बसते. तोच ढग. लाटांच्या तुषारांतून उडालेले मीठ असे आभाळातही जाते, फक्त आपल्या मिठागरांतच साठते असे नाही. ढगांना शास्त्रीय नावे दिली ती ल्यूक हॉवर्ड नावाच्या लंडनच्या एका औषध-विक्रेत्याने, १८०२ साली. सिरस म्हणजे केसांच्या बटेसारखा, क्युम्युलस म्हणजे ढिगासारखा, स्ट्रेटस म्हणजे थरासारखा आणि निम्बस म्हणजे पाऊस देणारा. याच चार शब्दांच्या जोडणीतून पुढे ढगांचे दहा मुख्य प्रकार ठरले. आपल्या मुलांना ते भूगोलात असतात. मराठीत तंतुमेघ, राशिमेघ, स्तरमेघ असे शब्द आहेत.

दहाही नावे पाठ करण्याची गरज नाही. हात पुरेसा आहे. पांढऱ्या ढगांचे पुंजके दिसले की हात सरळ लांब धरून मोजावे. एकेक पुंजका करंगळीच्या रुंदीहून लहान दिसला तर ढग फार उंचावरचे, बर्फकणांचे. एक ते तीन बोटांएवढा दिसला तर मधल्या थरातले. तीन बोटांहून मोठा दिसला तर खालचे. एलिया संदेष्ट्याच्या सेवकाला सातव्या खेपेला समुद्रावर तळहाताएवढा ढग दिसला होता, हे जुन्या करारात आपण वाचतो. माणसाने हाताने आभाळ मोजणे इतके जुने आहे.

सगळ्यांत उंच तंतुमेघ, सहा किलोमीटरच्या वरचे. त्यांचा पातळ पडदा पसरला की सूर्याला किंवा चंद्राला खळे पडते. परदेशी पुस्तकांत लिहिलेले असते की खळे पडले की दिवसभरात पाऊस. आपल्याकडे तेवढे खात्रीचे नाही. इथे ते दूरच्या एखाद्या विरून गेलेल्या वादळी ढगाचे उरलेले छत असू शकते. पण नोव्हेंबरात, कोरड्या दिवसांत, नैऋत्येकडच्या एकाच दिशेने तंतुमेघांचे पट्टे पसरत येऊन दाट होऊ लागले आणि वारा नसताना समुद्रात लांब, संथ लाटा येऊ लागल्या, तर दूर काहीतरी मोठे घडत आहे असे समजून बातमी काढावी.

पावसाळ्यातली एक गंमत तुम्ही पाहिली असेल. खालचे काळे ढग समुद्राकडून जमिनीकडे धावत असतात आणि फट पडली की वरचे पांढरे ढग उलट, जमिनीकडून समुद्राकडे जाताना दिसतात. डोळ्यांचा भ्रम नव्हे तो. जून ते सप्टेंबर आपल्या डोक्यावर चौदा-पंधरा किलोमीटर उंचीवर पूर्वेकडून जोराचा वारा वाहत असतो आणि खाली नैऋत्येचा मोसमी वारा. म्हणून "ढग कुठे चालले" असे विचारताना कोणते ढग, हेही विचारावे लागते.

राखाडी चादर अंथरल्यासारखे पावसाळी आभाळ, दोन-दोन दिवस रिपरिप, हे वर्षास्तर मेघ. कंटाळवाणे, समोरचे दिसू न देणारे, पण विजेच्या दृष्टीने फारसे घातक नाहीत. मुख्य भीती वेगळ्याच ढगाची आहे.

सकाळी कापसाच्या ढिगासारखे राशिमेघ दिसतात. ते उंचीपेक्षा रुंद असले तर चांगल्या हवेचे. त्यातला एखादा रुंदीपेक्षा उंच होऊ लागला, फुलकोबीसारखा वर फुगू लागला की सावध व्हावे. सकाळीच मधल्या थरातल्या ढगांना वसईच्या किल्ल्याच्या बुरुजांसारखे टोकदार कोंब फुटले असतील तर दुपारनंतर गडगडाटाची शक्यता धरावी. असा फुगलेला ढग वाढत वाढत बारा-पंधरा किलोमीटर उंच जातो, वर त्याला जागा उरत नाही आणि माथा लोहाराच्या ऐरणीसारखा सपाट पसरतो. हा गर्जन्मेघ, शास्त्रज्ञांचा क्युम्युलोनिम्बस. वीज, गारा, ढगफुटीसारखा पाऊस आणि सोसाट्याचा वारा, सगळे याच्याच पोटात. पाऊस कोसळताना ढगातली थंड हवाही खाली कोसळते आणि पाण्यावर आदळून चारी बाजूंना पसरते. बोट उलटवतो तो बहुधा हा वारा. तो पावसाच्या पुढे येतो. ढगाच्या तळाशी आडवी काळी पट्टी गुंडाळत येताना दिसली, उकाड्यात अचानक थंड झुळूक लागली, की हाती काही मिनिटेच असतात. वारा दुप्पट झाला तर त्याचा दाब दुप्पट नव्हे, चौपट होतो, हे तरुण खलाशांनी लक्षात ठेवावे.

आता एक कबुली. काही वर्षांपूर्वी ऑक्टोबरच्या शेवटी, २ नोव्हेंबरच्या मृतांच्या स्मरणदिनाआधी, आपण दफनभूमीची साफसफाई करीत होतो. साडेचारची वेळ. तीस-चाळीस माणसे, मुलेही. मी समुद्राकडे पाहिले, आभाळ निरभ्र. मागे तुंगारेश्वरच्या डोंगरावर काळोखी होती, तिकडे मी नीट पाहिलेच नाही. एक गडगडाट झाला. कोणीतरी म्हणाले, "फादर, आवरू या का?" मी म्हणालो, "एवढी रांग संपवू." पाच-सात मिनिटांत कुंपणाबाहेरच्या माडावर वीज पडली. कोणाला इजा झाली नाही. पण त्या रात्री मला झोप आली नाही, आणि "एवढी रांग संपवू" हे माझे वाक्य अजूनही कानांत आहे.

माझी चूक दिशेची होती. लूकच्या शुभवर्तमानात (१२:५४) प्रभू येशू लोकांना म्हणतो की पश्चिमेला ढग दिसला की पाऊस येणार हे तुम्ही लगेच ओळखता. त्या देशाच्या पश्चिमेला समुद्र आहे, आपल्यासारखाच. जूनमध्ये आपलाही पाऊस तिकडूनच येतो. परंतु मे महिन्यात वळवाच्या वेळी आणि ऑक्टोबरमध्ये पाऊस परतताना गर्जन्मेघ दुपारी सह्याद्रीवर वाढतात आणि पूर्वेकडून किनाऱ्यावर येतात. समुद्राकडे डोळे लावून बसलेल्याच्या ते पाठीमागून येतात. भात झोडणारे, बांबूवर बोंबील वाळत घालणारे आणि किनाऱ्याजवळ जाळे टाकणारे, सर्वांनी त्या दिवसांत डोंगराकडे पाहावे.

आणि गडगडाट ऐकू आला की वाट पाहू नये. वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोजावेत, तीनाने भागावे, तितके किलोमीटर ती दूर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर लगेच पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जावे, झाडाखाली नव्हे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच थांबावे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' नावाचे मोबाईल ॲप जवळपासच्या विजांची सूचना देते. मुलांकडून घालून घ्या.

म्हणजे डोळ्यांना दिसणारा ढग तास-दोन तासांचे सांगतो, तेही आसपासचे. तांडेल बाबांचे वडील सकाळी जाऊन संध्याकाळी परतत, किनारा दृष्टीच्या टप्प्यात असे. त्यांना तेवढे पुरे होते. आज बोटी कित्येक दिवस बाहेर राहतात. परतायलाच पंधरा-वीस तास लागत असतील तर एका तासाची खूण काय कामाची?

इथे हवामान खात्याचा इशारा लागतो. पण कोणता? मोबाईलवर येणारे पिवळा, नारिंगी, लाल हे रंग बहुतेक वेळा जिल्ह्यातील पावसाचे असतात. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे जोरदार पाऊस, ११५.६ पासून अतिजोरदार आणि २०४.५ पासून अत्यंत जोरदार अशी त्यामागची मोजणी आहे. शिवाय असा पाऊस होण्याची शक्यता किती आणि त्याने नुकसान किती, हेही रंग ठरवताना पाहतात. आता आपला पालघर जिल्हा पाहा. एका टोकाला वसईचा किनारा, दुसऱ्या टोकाला जव्हार-मोखाड्याचे घाट. लाल अलर्ट साऱ्या जिल्ह्याला लागतो, पाऊस घाटात कोसळतो आणि आपण इथे उन्हात बसून खात्याला नावे ठेवतो. बाबांच्या त्या उन्हाच्या दिवशी असेच झाले असेल, असे मी म्हणत नाही. पण तसे होऊ शकते. पाऊस किती बेभरवशाने वाटला जातो याचे उदाहरण आपण सर्वांनी भोगले आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला जेमतेम ७३. दोहोंमध्ये पंचवीस किलोमीटरसुद्धा अंतर नाही. त्या वेळी मुंबईत डॉप्लर रडार नव्हते. आता आहे, आणि त्यावरून पुढच्या तीन तासांची सूचना वेगळी दिली जाते.

बोटीसाठी पाहायचा तो मच्छीमारांसाठीचा इशारा. तो पावसाचा नसतो, वाऱ्याचा असतो. त्यात "उत्तर महाराष्ट्र किनाऱ्यालगत व किनाऱ्यापासून दूर" अशी जागा दिलेली असते आणि "ताशी ४५ ते ५५ किलोमीटर, झोत ६५ किलोमीटरपर्यंत" असा वेग असतो. पहिले आकडे सतत वाहणाऱ्या वाऱ्याचे, शेवटचा अचानक येणाऱ्या झोताचा. पुढच्या काही दिवसांचे चित्र त्यात असते. जिल्ह्याला पावसाचा हिरवा रंग असेल आणि त्याच दिवशी समुद्रात जाऊ नका असा इशारा असेल, असे होऊ शकते. त्यात विसंगती नाही, दोन वेगळ्या प्रश्नांची ती दोन उत्तरे आहेत. बंदरावरचा बावटा हेच काम करीत आला आहे. एक आणि दोन नंबर म्हणजे वादळ दूर आहे, तीन नंबर म्हणजे या बंदरावरच सोसाट्याचा वारा येऊ शकतो, चार म्हणजे बंदराला वादळाचा धोका आहे. पाचपासून दहापर्यंत धोका वाढत जातो. अकरा नंबरचा अर्थ मला विलक्षण वाटला. हवामान केंद्राशी संपर्कच तुटला आहे.

तिसरी गोष्ट लाटांची, आणि इथे ढग मुळीच काही सांगत नाहीत. दक्षिण हिंदी महासागरात कुठे तरी वादळ होते, त्याच्या लांब लाटा हजारो किलोमीटर चालून काही दिवसांनी आपल्या किनाऱ्यावर येतात. इथे ऊन असते, वारा नसतो. केरळमध्ये याला कल्लक्कडल म्हणतात, म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र. मे २०२४ मध्ये असा इशारा मुंबईसह आपल्या किनाऱ्यालाही दिला गेला होता. हा इशारा हैदराबादची 'इन्कॉइस' ही संस्था देते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाशी त्या लाटा जुळल्या तर खडकावर कालवे काढायला गेलेल्या बायकांनाही धोका असतो, नुसत्या बोटींना नव्हे.

एवढे सगळे पाळूनही माणसे मरतात, हे मला लपवायचे नाही. २९ नोव्हेंबर २०१७ रोजी कन्याकुमारीच्या जवळ कमी दाबाचे तीव्र क्षेत्र होते, दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचे ओखी चक्रीवादळ झाले. केरळ-तमिळनाडूच्या बोटी तोपर्यंत खोल समुद्रात होत्या. इशारा किनाऱ्यावर पोचला, बोटींवर पोचला नाही. त्यांतल्या कित्येक बोटी भरकटत आपल्या देवगड बंदरात आल्या आणि वाचल्या. पण शेकडो माणसे परतली नाहीत, त्यांत आपल्याच कॅथलिक कोळीवाड्यांतले कितीतरी बाप आणि मुलगे होते. तिथे आभाळ वाचणारे जुने तांडेल नव्हते असे थोडेच आहे? वादळ त्यांच्या वाचनापेक्षा वेगाने वाढले.

त्याच्या उलट मे २०२१ चे तौक्ते. त्याचा इशारा कित्येक दिवस आधी मिळाला होता. आपल्या बहुतेक बोटी परत आल्या. १७ मे रोजी ते मुंबईसमोरून गुजरातकडे गेले, पण बॉम्बे हायजवळ पी-३०५ नावाचा बार्ज कामगारांसह समुद्रातच राहिला होता. त्याचा नांगर तुटून तो बुडाला आणि सत्तरहून अधिक माणसे गेली. तिथे माहितीची कमतरता नव्हती. कोणीतरी, कुठेतरी, "एवढी रांग संपवू" म्हणाले असावे.

बाबांचा पैशांचा प्रश्न मात्र उरतोच, आणि तो खरा आहे. खोटा ठरलेला इशारा म्हणजे एका फेरीचे नुकसान. न मानलेला खरा इशारा म्हणजे पाच-सहा घरांचे. हे दोन्ही एकाच तराजूत तोलता येत नाहीत, असे मी म्हणू शकतो. पण डिझेलचे बिल मला भरावे लागत नाही, हेही मला ठाऊक आहे. इशाऱ्यामुळे बुडालेल्या दिवसांची भरपाई मच्छीमाराला मिळावी, ही मागणी मला रास्त वाटते. सोसायट्यांनी ती लावून धरावी.

आपल्यापुरते एवढे करू. १ ऑगस्टपासून रोज संध्याकाळी मच्छीमारांसाठीचा इशारा आणि लाटांचा इशारा चर्चच्या फलकावर मराठीत लिहिला जाईल. युवक मंडळाच्या दोघांनी ही जबाबदारी घेतली आहे. बाहेर असलेल्या बोटींना तो वायरलेसवर कळवण्याचे तांडेलांनी आपसांत ठरवावे. संकटात व्ही.एच.एफ. सोळा नंबर, आणि किनाऱ्यावरच्या घरच्यांसाठी तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक. तो स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

तांडेल बाबांना मी एक विनंती केली आणि त्यांनी ती मानली आहे. येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर सभागृहामागच्या मोकळ्या जागेत ते तरुण खलाशांना आणि मुलांना आभाळ पाहायला शिकवतील. त्यानंतर मी मोबाईलवरचा इशारा कसा वाचायचा ते सांगेन. पाऊस आला तर सभागृहात बसू, आणि गडगडाट झाला तर बाबा सांगतील तेव्हाच बाहेर पडू.

आपला,
प्रमुख धर्मगुरू